जोडी कुठून निघाली?

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन याद्या होत्या : बेस आणि न्यूक्लिओफाइल. त्या मी रोज घोकत असे. मिथॉक्साइड दोन्ही याद्यांत होतं. ते का, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

सत्र परीक्षेत विल्यमसनच्या पद्धतीने टर्शरी ब्यूटिल मिथाइल ईथर बनवायला सांगितलं होतं. मी टर्शरी ब्यूटिल ब्रोमाइड आणि सोडियम मिथॉक्साइड लिहिलं. त्या उत्तराला शून्य गुण मिळाले. मॅडमनी प्रयोगशाळेत बोलावलं. रागावल्या नाहीत. कोरा कागद पुढे ठेवून म्हणाल्या, “नावं विसर. इलेक्ट्रॉनांची जोडी कुठून निघते नि कुठे जाते, तेवढं दाखव.”

बाण काढता काढता चूक समजली. ब्रोमीन धरून बसलेल्या कार्बनची वाट तीन मिथाइल गटांनी अडवली होती. म्हणून मिथॉक्साइडची जोडी शेजारच्या कार्बनवरच्या हायड्रोजनकडे वळणार आणि ईथरऐवजी आयसोब्यूटिलीन वायू होणार. इथे मिथॉक्साइड बेस होतं. मग मॅडमनी अदलाबदल करायला लावली : टर्शरी ब्यूटॉक्साइड आणि मिथाइल आयोडाइड. आता कार्बनची वाट मोकळी होती; ईथर मिळालं. जोडी प्रोटॉनकडे गेली तर देणारा बेस, कार्बनकडे गेली तर न्यूक्लिओफाइल. नाव पदार्थाचं नव्हतं, त्या वेळच्या कामाचं होतं.

एवढं कळूनही एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी पुन्हा चुकलो. मेटा हायड्रॉक्सी अ‍ॅसिटोफिनोनवर ग्रिन्यार अभिकारक मोजून एक मोल घातला. जवळपास सगळं मूळ संयुग परत आलं. चार दिवस मी ईथरला, काचेच्या भांड्यांना दोष देत राहिलो. अखेर मॅडमचा प्रश्न आठवला. कागदावर बाण काढला, तर तो कार्बोनिलच्या कार्बनकडे जाण्याआधी फिनॉलच्या प्रोटॉनकडे गेला. माझा सगळा ग्रिन्यार बेस म्हणूनच खर्ची पडला होता. पुढच्या वेळी दोन मोलांहून थोडा जास्त घेतला आणि हवं ते अल्कोहोल हाती आलं.

आज मी शिकवतो. मुलं याद्या मागतात, तेव्हा मी कोरा कागद पुढे ठेवतो. हे माझं काही नव्हे, मॅडमचं आहे. त्यांनी ते शून्य बदललं नाही, पण ते का मिळालं हे समजावण्यासाठी आपली एक अख्खी दुपार मला दिली. त्या दुपारवर माझं आजवरचं काम उभं आहे.