तुकड्यांची झोप

३ डिसेंबर
रात्रीचे पावणेतीन. कूस बदलताना गुडघ्यांमधली उशी घसरून खाली पडली. ती घ्यायला वाकले आणि कमरेतून निघालेली कळ थेट पोटरीपर्यंत गेली. मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. सकाळी अंग आंबलेलं. सासूबाईंनी विचारलं, "झोप लागली का गं?" दुखण्याची चौकशी सगळेच करतात, झोपेची त्या एकट्याच.

६ डिसेंबर
हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. एमआरआय पाहून त्यांनी गोळ्या बदलल्या. झोपेचा विषय मीच काढला. "दुखणं थांबलं की झोप येईल," म्हणाले. आणि थांबलंच नाही तर?

९ डिसेंबर
दुखण्यानं झोप मोडते, तसं उलटंही होतं: झोप मोडली की दुखणं वाढतं. टोरँटोच्या हार्वे मोल्डोफ्स्की आणि सहकाऱ्यांचा १९७५ चा प्रयोग वाचला. धडधाकट माणसांना गाढ झोप लागू लागली की आवाज करून त्यातून वर आणायचं. काही रात्रींतच त्यांचे स्नायू दुखू लागले, दाबलं की हुळहुळू लागले. माझ्यासारखं मणक्याचं दुखणं त्यांना नव्हतं! बर्कलीतल्या २०१९ च्या अभ्यासात रात्रभर जागलेल्यांच्या पायाला चटके देऊन मेंदूचे स्कॅन काढले: वेदना टिपणारा भाग जास्त चेतलेला, ती सौम्य करणारे भाग थंडावलेले.

मला सर्वांत पटला तो बाल्टिमोरचा २००७ चा अभ्यास. त्यातल्या निरोगी बायकांच्या दोन गटांचे झोपेचे एकूण तास जवळपास सारखे. एका गटाला उशिरा झोपवलं, दुसऱ्याला रात्रभर पुन्हा पुन्हा उठवलं. वेदना दाबण्याची शरीराची स्वतःची ताकद घटली ती उठवलेल्यांची. 'सहा तास तर झोपतेस की,' असं म्हणणाऱ्यांना हेच सांगायचंय. माझे तास भरतात, पण ते तुकड्यांचे असतात.

१४ डिसेंबर
समुपदेशक ताईंकडे झोपेवरची सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती, सुरू केली. उठायची वेळ रोज एकच. पलंगावर पेपर, मोबाईल, वह्या तपासणं बंद. बराच वेळ जाग राहिली तर उठून खुर्चीत बसायचं आणि पेंग आली की मगच आडवं व्हायचं. थंडीत दुखऱ्या कमरेनं उठणं जिवावर येतं, तरी उठते. झोपेची गोळी मनानं घ्यायची नाही, असं त्यांनी बजावलंय. काही वेदनाशामकांबरोबर ती घेतली तर श्वास मंदावू शकतो.

२८ डिसेंबर
दुखणं आहेच. या उपचारानं झोप जितकी सुधारते तितकी वेदना कमी होत नाही, हे ताईंनी आधीच सांगितलं होतं. पण आता मध्यरात्रीपासून चारपर्यंत सलग झोप लागते, आणि आज ओट्याशी उभं राहून सगळ्या पोळ्या लाटल्या.

आमच्या शाळेतल्या एक बाई खांदेदुखीसाठी उद्या डॉक्टरांकडे जाणार आहेत. त्यांना सांगितलं, कुठे दुखतं हे सांगालच. रात्री किती वेळा जाग येते तेही सांगा. डॉक्टरांनी नाही विचारलं तरी सांगा.