टेन-सिक्स्टी

पूर्ण नाव जीफोर्स जीटीएक्स १०६०, ६ जीबी. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर काय किंवा इंजिनिअरिंगच्या होस्टेलात काय, सगळे त्याला टेन-सिक्स्टीच म्हणत. एनव्हिडियानं जुलै २०१६ मध्ये हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आणलं, तोवर १०८० आणि १०७० ही थोरली भावंडं येऊन कौतुक लुटून बसली होती. कौतुक त्यांचं झालं, पण घरोघरी गेलं ते हे मधलं. स्टीमवर खेळणाऱ्यांच्या संगणकांची दर महिन्याला पाहणी होते. तिच्यात टेन-सिक्स्टी वर्षानुवर्षं पहिलं होतं, अगदी २०२२ च्या उत्तरार्धापर्यंत.

गेमिंगसाठी कार्ड घ्यायला निघालेल्यांना मी अजूनही आधी या कार्डाबद्दल सांगतो. आज तेच घ्या असं माझं म्हणणं नाही. कार्ड निवडताना काय बघायचं, हे या एकाच्या स्वभावावरून नीट कळतं, म्हणून.

पहिला गुण म्हणजे ते कमी मागायचं. २०१४ साली आलेल्या जीटीएक्स ९८० ची किंमत अमेरिकेत ५४९ डॉलर होती आणि त्याला १६५ वॅट लागत. जवळपास तेवढीच ताकद टेन-सिक्स्टीनं २४९ डॉलरपासून आणि १२० वॅटमध्ये दिली. मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या एका केबलमधून आणखी ७५. एवढ्यात त्याचं भागायचं. चांगल्या कंपनीचा ४०० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, पुरायचा. आपल्याकडे याचं मोल फार होतं. कित्येक घरांत वडिलांच्या कामासाठी घेतलेला असेंबल्ड पीसी असायचा, त्यातच हे कार्ड बसवलं जायचं. वीज गेली तरी साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याइतकी सवड मिळायची. कार्डाचं बजेट ठरवताना एसएमपीएसचा खर्च शेवटी आठवतो आणि मग तिथेच काटकसर होते. मला ही सगळ्यात वाईट काटकसर वाटते, कारण हलका एसएमपीएस जाताना सोबत कार्डही घेऊन जाऊ शकतो.

पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पात्या उतरवल्या की मधोमध अंगठ्याच्या नखाएवढी चकचकीत चिप दिसते. एवढ्याशा जागेत ४४० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. तिच्या भोवती मेमरीच्या सहा काळ्या चिपा, प्रत्येकी एक जीबीच्या. प्रत्येक चिपेपासून ३२ बिटांची वाट मधल्या चिपेपर्यंत जाते. सहांची मिळून १९२. खोक्यावर छापलेले '६ जीबी' आणि '१९२ बिट' हे आकडे इथे डोळ्यांनी मोजता येतात. ज्याला कार्डाची भाषा शिकायची असेल त्यानं एखादं बंद पडलेलं टेन-सिक्स्टी मिळवून उघडून बघावं.

त्याच्या नावाचा एक तोतयाही होता. ऑगस्ट २०१६ मध्ये ३ जीबीचं टेन-सिक्स्टी आलं. नाव तेच, खोकं तसंच. फरक फक्त मेमरीचा असता तर एक वेळ चाललं असतं, पण आतले कोअरही १२८० वरून ११५२ वर आणले होते. कोटेशनवर नुसतं '१०६०' लिहिलेलं असलं की घेणाऱ्याला काय कळणार? पुढे गेम जड होत गेले, तसं ३ जीबी पुरेना. कार्डातली मेमरी भरली की उरलेला माल संगणकाच्या रॅममधून आणावा लागतो. ती वाट कितीतरी हळू, म्हणून ऐन लढाईत चित्र अडखळतं. सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, चांगला दिसतो आणि खेळताना मात्र जीव जातो. एकाच नावानं दोन कार्डं विकायची रीत थांबलेली नाही. २०२३ चं आरटीएक्स ४०६० टीआय आणि २०२५ चं ५०६० टीआय, दोन्ही ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आली. तिथे कोअर सारखे आहेत, पण मेमरीचा फरक नव्या गेममध्ये चांगलाच जाणवतो. बिलावर जीबीचा आकडा लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

त्याला स्वतःची मर्यादा ठाऊक होती, हेही मला आवडतं. ते १०८०पी चं कार्ड. १०८०पी च्या पडद्यावर सुमारे २० लाख ठिपके असतात, १४४०पी वर ३७ लाख, फोर-के वर ८३ लाख. कार्डाला एकेका फ्रेममध्ये हे सगळे रंगवायचे असतात. म्हणून निवड मॉनिटरपासून सुरू करावी. सेकंदाला ६० च फ्रेम दाखवणाऱ्या साध्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरला महागडं कार्ड जोडलं की त्याची बरीचशी ताकद वाया जाते.

क्रिप्टो मायनिंगच्या लाटांमध्ये याचे हाल झाले. २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये खेळणाऱ्यांना कार्ड मिळेना, कारण ती रात्रंदिवस इथेरियम हे चलन काढण्यात गुंतली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं कार्डांवर चलन काढायची ती पद्धतच सोडली आणि थकलेली कार्डं सेकंडहँड बाजारात आली. अशा कार्डाची चिप बहुधा ठीक असते. झिजतात ते पंखे, आणि आतली पेस्ट सुकते. विकणाऱ्यासमोर अर्धा तास जड गेम चालवून बघावा. तापमान ८३ अंशांजवळ गेलं की टेन-सिक्स्टी आपणहून वेग कमी करतं. अकोल्या-नागपूरच्या मे महिन्यात, कोंदट कॅबिनेटमध्ये, तिथवर पोचायला त्याला फार वेळ लागत नाही.

आता त्याचं वय झालं. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्सचा गेम रे ट्रेसिंगच्या (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्याच्या) हार्डवेअरशिवाय चालत नाही, आणि ते याच्यापाशी नाही. नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबले. सुरक्षेपुरते अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. तरी व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह ते आजही १०८०पी वर व्यवस्थित चालवतं. एवढंच खेळायचं असेल, पैसे कमी असतील आणि ६ जीबीचं चांगलं कार्ड हाताशी येत असेल, तर जरूर घ्यावं. नवे गेम खेळायचे असतील तर थोडं थांबून पैसे साठवावेत आणि रे ट्रेसिंगवालं, निदान ८ जीबीचं, जमलं तर त्याहून जास्त मेमरीचं कार्ड बघावं. वॅटचा आकडा तेव्हाही आधी वाचावा.