आधी पडायला शिका

मैत्रिणींनो, समुद्राकाठी माहेर असलेल्या बायकांना एकदा विचारून पाहा, "पाण्यात कुठवर गेला होतात?" बहुतेकजणी घोट्यापर्यंतच सांगतील. माझं माहेर रत्नागिरीचं. भाऊ पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले; आम्ही बहिणी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. "मुलींना काय करायचंय पोहून?" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेलच!

अशी मी, पस्तिशीला आलेली, फळीवर उभी राहून लाटेवरून घसरत किनाऱ्याला आले, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा खुशाल! पण गेल्या नाताळच्या सुट्टीत हे खरंच घडलं. पोहणं मी दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या तलावावर, बायकांच्या बॅचला जाऊन शिकले होते. थोरल्या वन्सं ह्यूस्टनला असतात. आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनीच आम्हाला आठवडाभर मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशात नेलं. १९४८ साली ज्यानं आपलं सैन्यच मोडीत काढलं, तोच हा देश.

सामारा हे तिथलं पॅसिफिक महासागराकाठचं लहानसं गाव. लायबेरियाच्या विमानतळावरून मोटारीनं दोनेक तास. अर्धचंद्रासारखा किनारा, माडांची रांग. थेट आपलं कोकणच! खाडीच्या तोंडाशी समुद्रात खडकांची रांग आहे. मोठ्या लाटा तिथंच फुटतात आणि आत येतात त्या बऱ्याच निवलेल्या. म्हणून नवशिक्यांना ही जागा सोयीची. सकाळच्या न्याहारीला काळ्या घेवड्याचे दाणे घालून परतलेला भात. त्याला 'गायो पिंतो' म्हणतात. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकणारी मी एकटीच नाही, हे पाहून बरं वाटलं!

पोशाखाची मला मोठी धास्ती होती. पण तिथं ऊन इतकं कडक, की शिकणारे बहुतेक लांब बाह्यांचा अंगाबरोबरचा सदरा आणि गुडघ्याखालपर्यंतची तंग विजार घालतात. शिकवणारी विशीतली मुलगी. तिनं आधी अंगावरचे दागिने काढायला सांगितले. मंगळसूत्राशी हात अडखळला. वन्सं म्हणाल्या, "दे इकडे, मी सांभाळते. तुझा नवरा काय कुठं पळून जात नाही!" हे वाळूत लेकीबरोबर किल्ला करत होते. ऐकून नुसते हसले.

फळी आठ-नऊ फुटांची, वरून मऊ. तिची दोरी घोट्याला बांधायची. पहिला धडा मात्र उभं राहण्याचा नव्हे, पडण्याचा! डोक्यावर सूर मारायचा नाही, पसरट पडायचं, वर येताना दोन्ही हातांनी डोकं झाकायचं. आयुष्यभर "पडशील हो, जपून!" ऐकलेल्या मला कोणी पडावं कसं ते प्रथमच शिकवत होतं. मग वाळूवरच फळीवर पालथं झोपून, हात बरगड्यांशी टेकून उठायचा सराव. एका वेळी एकच सूचना. मी स्वतः शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे तिची ही रीत मनात भरली.

दोन दिवस नाकातोंडात पाणी गेलं. गुडघे सोलवटले. रात्री खांदे असे ठणकत, की वेणी घालवेना. तिसऱ्या दिवशी तिनं मागून फळी ढकलली आणि ओरडली, "पायांकडे नको, किनाऱ्याकडे बघ!" मी बघितलं आणि उभी राहिले. जेमतेम चार-पाच सेकंद! समोरून लेक धावत आली, "आई, पुन्हा कर ना!" उजळणी म्हणावी तशी मी पुन्हा पडले, पुन्हा उठले.

एक गोष्ट मात्र पदराला बांधून ठेवा. आपल्या किनाऱ्यावरही ती लागू आहे. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलात, तर त्याच्याशी झुंजत सरळ काठाकडे पोहू नका, दमछाक होते. काठाला समांतर, बाजूला जा. ओढ संपली की काठाकडे वळा.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठलं परदेश आणि कुठली फळी? कबूल. पण तुमच्या गावातल्या तलावावर बायकांची बॅच आहे का, एवढी चौकशी तरी करा. नसेल, तर चौघीजणी मिळून अर्ज द्या. आणि जाताना लेकीलाही घेऊन जा. तिनं काठावर कपडे सांभाळत बसायला नको.