इतर नावे

आईला ताईकडे न्यू जर्सीला पाठवायचं असं २०२२ साली ठरलं. ताईचा स्वतःचा व्हिसा झाला तेव्हा अमेरिकन कॉन्सुलेट ब्रीच कँडीला, लिंकन हाउसमध्ये होतं. पहाटे शिवडीहून टॅक्सी केली होती आणि मी फुटपाथवर तिची पिशवी सांभाळत उभी होते. २०११ च्या नोव्हेंबरात कॉन्सुलेट वांद्रे-कुर्ला संकुलात गेलं. रांगेच्या जागी आता तारखेची वाट. पर्यटक व्हिसाच्या पहिल्या मुलाखतीला तेव्हा वर्षाच्या वर थांबावं लागे. शिवडीच्या खाडीत रोहित दोनदा येऊन गेले, मग कुठे आमचा नंबर लागला!

फॉर्म एका एजंटाने भरून दिला होता. डीएस-१६० म्हणतात त्याला. मुलाखतीच्या तीन आठवडे आधी मी सहज वाचायला घेतला. त्यात एक प्रश्न आहे : तुम्ही कधी दुसरं नाव वापरलंय का? माहेरचं, धार्मिक, व्यवसायाचं, टोपणनाव वगैरे. पुढे 'नाही'.

"आई, तुझं माहेरचं आडनाव लिहायला हवं होतं गं."

"आडनावच का? नाव पण बदललं की."

मला हे माहीतच नव्हतं! मामा-मावश्या तिला कायम 'बाय' म्हणत आल्या. लग्नात लक्ष्मीपूजनाच्या वेळी बाबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने जे नाव लिहिलं, तेच आम्ही तिचं समजत होतो. पासपोर्टवर ते नाव, त्याला जोडून बाबांचं नाव, आणि मग बाबांचं आडनाव. म्हणजे जन्मापासूनचं असं त्यात तिचं काहीच नाही.

एजंट म्हणाला, राहू द्या हो, कोण बघतंय. पण खोटी माहिती दिली असं ठरलं तर कायमची बंदी येऊ शकते, हे मी वाचलं होतं. एकदा पाठवलेला फॉर्म दुरुस्त करता येत नाही, नवीनच भरावा लागतो. त्यात वीसेक मिनिटं हात थांबला की पान बंद. आणि आई तर त्या नावाचं स्पेलिंग काय करायचं यावरच अडलेली. गावच्या शाळेत चौथीपर्यंतच ते वापरलेलं, तेही मराठीत. तिने कागदावर दोनदा लिहून पाहिलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्या अक्षरांत.

(नाव इथे देत नाही. तिनेच नको म्हटलंय.)

मुलाखतीला ती एकटीच आत गेली, मोबाइलसुद्धा बाहेर. मी रस्त्यापलीकडे उभी. अर्ध्या-पाऊण तासाने आली ती हसतच. खिडकीतल्या गोऱ्या मुलीने हिंदीत विचारलं म्हणे, ये किसका नाम है?

"मग?"

"मेरा, म्हटलं. शादी के पहले का."

बाकी प्रश्न तिला आठवतच नव्हते. तिकडे किती दिवस राहणार, घरी कोण असतं, असलंच काहीतरी असणार.

पासपोर्ट आला. दहा वर्षांचा व्हिसा. आईने चष्मा लावून तो पुन्हा पुन्हा वाचला.

"यात नाही का गं ते नाव?"

"नाही. ते त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असेल."

"असू दे," म्हणाली आणि पासपोर्ट कपाटात ठेवायला उठली.