गाडी कडक, रस्ता काळ्या मातीचा

जळगाव सोडून तरसोद मागे पडलं, की राष्ट्रीय महामार्ग ५३ पूर्वेची वाट धरतो. जुनी माणसं त्याला अजून सहा नंबरचा हायवेच म्हणतात. सुरतेकडून येतो, धुळे, जळगाव, अकोला, नागपूर करत ओडिशातल्या पारादीपकडे जातो. नशिराबाद, साकेगावची वाघूर नदी, भुसावळ, दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी, वरणगाव आणि मग मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचं एदलाबाद. हे साठेक किलोमीटर मी साध्या डिझेल गाडीच्या मागच्या सीटवरून केले. सोबत विजेवर चालणाऱ्या स्पोर्ट्स गाड्यांची माहितीपत्रकं होती आणि डोक्यात एकच विचार: या गाड्यांचे तीन-तीन, चार-चार व्हेरिएंट निघतात, त्यातला कोणता या रस्त्यावर अंगाला सोसेल? शोरूममध्ये याचं उत्तर पैशांच्या शिडीने दिलं जातं. एक जण सांगतो, जेवढं वरचं मॉडेल तेवढी बैठक आरामाची. दुसरा सांगतो, ताकद वाढली की गाडी कडक होणारच, आराम हवा तर बेस मॉडेल घ्या. माझ्या मते दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि ते का चुकीचे हे हा रस्ता टप्प्याटप्प्याने दाखवत जातो.

उदाहरणाला बीवायडीची सील घेऊ. मार्च २०२४ मध्ये ती भारतात आली. दिसायला सेडान, पण चाल स्पोर्ट्स गाडीची. तिच्या तीन पायऱ्या आहेत. डायनॅमिक २०४ पीएसची, वजन १९२२ किलो, चाकं १८ इंची. प्रीमियम ३१३ पीएसची, २०५५ किलो, १९ इंची. परफॉर्मन्सला दोन मोटर, ५३० पीएस, वजन २१८५ किलो, आणि शून्यातून शंभराचा वेग ३.८ सेकंदांत. २०२५ च्या सुधारित गाडीत प्रीमियमला धक्क्याच्या जातीनुसार कडक-मऊ होणारे शॉक अॅब्सॉर्बर मिळाले, तर परफॉर्मन्सला संगणकाच्या हुकमाने बदलणारे. डायनॅमिकला यातलं काही नाही. म्हणजे एका पायरीवरून दुसरीवर जाताना मोटर, वजन, चाक आणि शॉक अॅब्सॉर्बर यांतलं बरंचसं एकदम बदलतं. गिऱ्हाईक मात्र यातलं ताकदीचं कलम तेवढं वाचतं आणि आरामाचा हिशेब त्यावरूनच मांडतं. इथेच घोळ होतो, कारण कडकपणा ही एक वस्तू नाही. स्प्रिंगचा कडकपणा वेगळा, शॉक अॅब्सॉर्बरचा वेगळा, टायरचा वेगळा, आणि रस्त्यावरची प्रत्येक खोड यातल्या वेगळ्याच कशाची तरी परीक्षा घेते.

स्प्रिंगची गोष्ट समजायला या भागात पुस्तक उघडावं लागत नाही. रावेर-मुक्ताईनगरचा पट्टा केळीचा. माल उतरवून परतणारा ट्रक पाहावा: प्रत्येक खाचेवर मागचा भाग उडतो, फाळका खडखडतो. तोच ट्रक घडांनी भरला, की त्याच खाचेवर संथ डुलत जातो. पाटे तेच, रस्ता तोच, बदललं ते फक्त वजन. स्प्रिंगवर बसलेलं वजन वाढलं की हेलकाव्याची गती मंदावते आणि धक्का सौम्य वाटतो. आता हाच नियम सीलला लावू. परफॉर्मन्स ही डायनॅमिकपेक्षा २६३ किलोंनी, म्हणजे जवळपास १४ टक्क्यांनी जड. तिची स्प्रिंग साधारण तेवढीच कडक केली, तर हेलकाव्याची गती तीच राहते आणि बसणाऱ्याला काहीच फरक जाणवत नाही. त्यामुळे ‘वरच्या मॉडेलची स्प्रिंग कडक’ हे वाक्य खरं असूनही त्यावरून आरामाबद्दल काही सिद्ध होत नाही. कंपनीने वजनाच्या हिशेबापलीकडे स्प्रिंग ताणली असेल, तरच चाल बदलते. सेकंदाला एका हेलकाव्याची गाडी दीड हेलकाव्यांवर न्यायची, तर स्प्रिंग सव्वादोनपट कडक करावी लागते.

दीपनगर ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना काळी कसदार जमीन पसरते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हाताएवढ्या भेगा पडतात. तिच्यावरचा रस्ता वरून गुळगुळीत असला, तरी खालून हळूहळू लाटा घेतो. वीस-वीस मीटर लांबीच्या या लाटा डोळ्यांना दिसत नाहीत, पोटाला कळतात. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते, म्हणजे अशी लाट तिला सेकंदाला एकदा, किंवा जरा जास्त वेळा, वर उचलते. मऊ गाडीची स्वतःची हेलकाव्याची गतीही नेमकी तेवढीच असते. झोक्याला वेळेवर हात लावावा तसं रस्ता गाडीला झुलवत राहतो, आणि मागे बसलेल्याला मळमळू लागतं. इथे मऊपणा कामाचा नाही. इथे हेलकावा पहिल्या फेरीतच दाबून टाकणारा, घट्ट शॉक अॅब्सॉर्बर हवा. ‘खानदेशातल्या रस्त्यांना मऊ गाडीच बरी’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला इथेच अर्धा कोसळतो.

उरलेल्या अर्ध्यात तथ्य आहे, आणि ते मुक्ताईनगर गाठता गाठता समोर येतं. महामार्ग सोडून गावाकडे वळलं की गतिरोधक सुरू होतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाकार असायला हवा, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने त्यावरून सुखाने जाता येतं. गावोगावचे गतिरोधक मात्र हातभर रुंदीचे आणि करवतीसारखे उभे. बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागल्यावर पूर्णा ओलांडावी लागते, तिथे पुलांची दुसरी तऱ्हा: पूल आपल्या पायावर जागच्या जागी राहतो, दोन्ही टोकांचा भराव खचतो, आणि सांध्याला पायरी तयार होते. काँक्रीटच्या रस्त्याचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी ८० ला ते सेकंदाला पाच वेळा ठोके देतात, समृद्धीसारख्या रस्त्यावर १२० ला सात-साडेसात वेळा. माणसाचं बसलेलं शरीर नेमकं सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सगळ्यात हळवं असतं. लाटेला आवरणारा घट्ट शॉक अॅब्सॉर्बर असा आखूड ठोका जसाच्या तसा मणक्यापर्यंत पोचवतो.

तेव्हा या एकाच रस्त्याच्या दोन उलट मागण्या आहेत: संथ लाटेला घट्ट, आखूड ठोक्याला सैल. कायमचा एकच कडकपणा ठरवून दिलेली गाडी, मऊ असो वा कडक, यातली एक मागणी फेटाळणारच. सीलच्या प्रीमियमला मिळालेली युक्ती म्हणूनच महत्त्वाची. या जातीचे शॉक अॅब्सॉर्बर कोनी या डच कंपनीने रूढ केले. त्यात ना संगणक, ना वायर. तेलाला जायला नेहमीच्या वाटेशिवाय एक बगलवाट ठेवलेली असते. ठोका आखूड असला तर बगलवाट बंद व्हायच्या आत तो संपूनही जातो, तेल मोकळं वाहतं, धक्का जिरतो. हेलकावा लांबला की दाब साचत जाऊन ती वाट बंद होते आणि गाडी घट्ट होते. परफॉर्मन्सची यंत्रणा हेच काम विजेवर आणि जास्त बारकाईने करते. पण हा आराम ५३० पीएसमधून आलेला नाही. तोच शॉक अॅब्सॉर्बर २०४ पीएसच्या गाडीला लावला असता, तर तीही तशीच चालली असती.

राहिला टायर, आणि तिथे शिडी चक्क उलटी होते. डायनॅमिकच्या २२५/५० आर१८ टायरमध्ये रिमपासून रस्त्यापर्यंत सुमारे ११२ मिलिमीटर रबर आहे, वरच्या दोघींच्या २३५/४५ आर१९ मध्ये १०६. आपल्या चाकणात बनणारी, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली महिंद्राची बीई ६ घेतली, तर १८ इंची चाकावर १४७, १९ इंचीवर १३५ आणि हौसेने मागवलेल्या २० इंचीवर १२२ मिलिमीटर. पोर्शे टायकानमध्ये ही दरी आणखी रुंद: १९ इंची पुढच्या चाकावर १२४, तर २१ इंचीवर फक्त ९३. एमजी सायबरस्टरचंही ब्रिटनमध्ये तेच, कमी ताकदीच्या ट्रॉफीला १९ इंची आणि ५१० पीएसच्या जीटीला २० इंची चाक. पुलाच्या सांध्यावरचा पहिला घाव हे रबरच झेलतं. शॉक अॅब्सॉर्बरची पाळी नंतर येते. बीई ६ च्या वरच्या पॅक थ्रीमध्ये स्वतःहून कडक-मऊ होणारं सस्पेन्शन आहे. ते घ्यावं आणि त्यावर २० इंची चाक चढवावं, म्हणजे एका हाताने कमावलेलं दुसऱ्या हाताने उधळणं.

यावर आक्षेप निघतील. पहिला असा, की तरसोद ते चिखली हा ६२.७ किलोमीटरचा टप्पा चौपदरीकरणात घेतलेला, मग जुन्या रस्त्याचं रडगाणं कशाला? याच महामार्गावर अमरावती-अकोल्यादरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनेस विक्रमही झाला. कबूल. पण चौपदरीने खड्डा जातो, खालची माती जात नाही. शिवाय रस्ता सुधारला की वेग वाढतो, आणि साठच्या वेगात निरुपद्रवी असलेली लांब लाट शंभरच्या वेगात झुलवू लागते. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा: वेगात कडक गाडीच हातात राहते. यात तथ्य आहे, पण वळणावर गाडी कलते ती मुख्यतः वजन उंचावर असल्याने. विजेच्या गाडीची बॅटरी तळाशी पसरलेली असते, गुरुत्वमध्य खाली येतो, आणि कल आवरायला स्प्रिंग एवढी ताणावी लागत नाही. पेट्रोलच्या स्पोर्ट्स गाडीचा कडकपणा नाइलाजाचा होता. इथे तो बराचसा सवयीचा आहे. अर्थात, सीलची जमिनीपासूनची उंची १४५ मिलिमीटरच आहे. करवती गतिरोधकावर फार मऊ गाडी खाली दबून बॅटरीचा तळ घासेल. मोठ्या हेलकाव्याला घट्टपणा हवाच, या माझ्याच मुद्द्याला त्याने पुष्टी मिळते.

तिसरा आक्षेप बटणाचा: स्पोर्ट आणि कम्फर्ट मोड असताना व्हेरिएंटची चिंता कशाला? पण साध्या शॉक अॅब्सॉर्बरच्या गाडीत ते बटण मोटरचा जोर आणि स्टिअरिंगचं वजन बदलतं, सस्पेन्शनला हात लावत नाही. आणि टायरची जाडी बदलणारं बटण कुठल्याच गाडीत नाही. चौथा आक्षेप सगळ्यात रोखठोक: मुक्ताईनगरात अशा गाड्या घेतंय कोण? बीई ६ ची किंमत १८.९० लाखांपासून सुरू झाली. एवढ्या पैशांत डिझेलच्या मोठ्या गाड्या इथे सर्रास घेतल्या जातात. आणि घेणारा मुंबईचा असला, तरी सुरत-नागपूर वाट याच मातीवरून जाते.

तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे. योगी चांगदेव वाघावर बसून भेटीला निघाले आणि मुक्ताईसह चारही भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली, ही कथा इथे घरोघर ठाऊक. चाल ठरते ती वाहनाच्या रुबाबावर नव्हे, हे त्या भिंतीने तेव्हाच दाखवून दिलं. गाड्यांचे कारखानदार अजून वाघच विकतात. बऱ्हाणपूरच्या रस्त्याने पुढे इच्छापूरला मध्य प्रदेश लागतो आणि तोच रस्ता इंदूरकडे जातो. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सची चाचणी मैदानं आहेत, त्यात आराम तपासण्यासाठी वेगळा ट्रॅकही आहे. म्हणजे आराम मोजता येतो, ही गोष्ट उद्योगाला पक्की माहीत आहे. मग गिऱ्हाइकाने निदान तीन प्रश्न विचारावेत: शॉक अॅब्सॉर्बर कोणत्या जातीचा, टायरचा आकार काय, आणि लहान चाक मागितलं तर मिळेल का. आज सीलमध्ये डायनॅमिकचा टायर आणि प्रीमियमचा शॉक अॅब्सॉर्बर असा जोड विकतच मिळत नाही. या रस्त्याला नेमका तोच हवा. तोवर माझा कौल: सीलची मधली पायरी, म्हणजे प्रीमियम, किंवा बीई ६ चं पॅक थ्री १९ इंची चाकांवर. शर्यत जिंकणाऱ्या मोटरला जादा पैसे जरूर मोजावेत, पण धड बसून प्रवास करण्यासाठी ती मोटर विकत घ्यायला लावणं हा निव्वळ धंद्याचा नियम आहे, यंत्राचा नाही.