वाऱ्याला वाट देणारी दुर्बीण

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावहून आम्ही शिक्षकमंडळी मुलांना घेऊन खोडदला पोहोचलो. इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या! १४ जवळजवळ, बाकीच्या १६ तीन फाट्यांवर दूरवर पसरलेल्या.

‘‘सर, वाऱ्याने ही उलटत नाही?’’ एका मुलीने विचारले. नीट पाहिले तर तबकडीला पत्रा नाहीच, पोलादी तारांची जाळी आहे. रेडिओ लहरी जाळीच्या छिद्रांपेक्षा खूप लांब, म्हणून त्या परावर्तित होतात. वारा मात्र आरपार जातो. प्रा. गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांची ही हिकमत. वजन कमी, म्हणून खर्चही कमी.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आकाशातले लक्ष्य सुटू नये म्हणून नियंत्रण यंत्रणा तबकडीचा कोन सतत तपासते आणि मोटारींनी तिला हळूहळू वळवते. वारा फार वाढला, की काम थांबवून तबकडीचे तोंड थेट वर करतात.

वाचकहो, मुलांना इथे जरूर आणा. पण मोबाइल बंद ठेवा. अवकाशातून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण, की आपला एक फोनही त्यांना झाकून टाकतो.