टिचकी

मिरचीचं फूल गळताना देठासकट गळतं, हे मला या मे महिन्यात कळलं. सकाळी गॅलरीत झाडू फिरवला की केरात पाच-सहा पांढरी फुलं, प्रत्येकाला वाकडं हिरवं देठ. लवंगीची तीन रोपं अशी तरारलेली की येणारा-जाणारा थांबून कौतुक करतो, आणि मिरची एक नाही. पाणी कमी केलं, खत दिलं, आंबट ताक शिंपडलं. हा ताकाचा सल्ला सोसायटीत कुणालाही काहीही विचारा, मिळतोच.

शेवटी भिंग घेऊन बसले. हे फूल खाली मान घालून असतं, बघायचं तर आपल्यालाच वाकावं लागतं. पाच पाकळ्या, आत जांभळट निळ्या परागकोशांचं कडं आणि त्यातून डोकावणारी फिकट हिरवी काडी. नर-मादी एकाच घरात. फांदी नुसती हलली तरी पराग झडून काडीच्या टोकाला लागतो; मधमाशी आली तर उत्तम, नाही आली तरी वारा भागवून नेतो. आणि आम्ही गेल्या दिवाळीत गॅलरीला सरकत्या काचा बसवलेल्या. कबुतरं बंद, धूळ बंद, वाराही बंद. वर उन्हाळा. पारा पस्तिशीपुढे गेला की परागातही जीव राहत नाही.

मुलाच्या रंगपेटीतला सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि सकाळी फुलं उमलताना एकेका फुलात अलगद फिरवू लागले. टोकाला पिठासारखं काहीतरी लागलं, तेव्हा मला देऊळगावराजाच्या मावशीची बोटं आठवली.

तिकडे बुलढाणा जिल्ह्यात शेडनेटमध्ये बियाण्याची मिरची करतात. हिरव्या जाळीखाली कोंदट उजेड, मोबाईलवर गाणी आणि ओळीने बसलेल्या बाया. उद्या उमलणारी कळी आजच हेरायची. चिमट्याने पाकळ्या काढायच्या, मग परागकोश एकेक करून उचलायचे, मधल्या काडीला धक्का न लावता. दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळ्या जातीच्या नर झाडांचा वाळवून गाळलेला पराग त्या उघड्या काडीला टेकवायचा आणि देठाला दोरा बांधायचा. या साऱ्याला तिथे एकच शब्द, क्रॉसिंग. बिनदोऱ्याची मिरची दिसली की तोडून टाकायची. ती आपली आपणच धरलेली, तिच्या बियांना मोल नाही.

मी हौसेने बसले होते. पहिल्या वीस कळ्यांतल्या सतरा मोडल्या. मावशी काही बोलली नाही, फक्त चिमटा माझ्या हातातून काढून घेतला. एका वर्षी तिचं बी शुद्धतेच्या तपासणीत नापास झालं होतं. पैसे निकालानंतरच मिळायचे, ते मिळालेच नाहीत. कुठल्या तरी कळीत एखादा परागकोश राहिला असेल, मुंगीएवढा. की कळी आधीच फुटली होती? कोण सांगणार. तेव्हापासून ती दुपारी दोननंतर कळीला हात लावत नाही, डोळे थकतात म्हणते. पिकलेल्या मिरच्या फोडून बी काढायचे दिवस आले की हातांची आग रात्रभर थांबत नाही. गोडेतेल चोळून ती हात पदराबाहेर ठेवून झोपते, चुकून डोळ्याला लागू नयेत म्हणून. बियाण्याच्या पाकिटावर लालभडक मिरचीचा फोटो असतो. त्या हातांचा का नसावा, असं मला दरवेळी वाटतं.

शेजारच्या काकूंना माझ्या कुंड्यांची वेगळीच काळजी. लवंगीशेजारी ढोबळी ठेवलीस, आता ढोबळीही तिखट होणार! होत नाही. परका पराग लागला तरी यंदाचं फळ आईच्याच वळणावर जातं. फरक पडलाच तर त्या बियांतून उगवणाऱ्या रोपात. काकूंना पटलं नाही. पटायची घाई मलाही नाही. मिरचीच मुळात अमेरिकेतली, पोर्तुगिजांबरोबर इथे आली. त्याआधी आपलं तिखट मिऱ्याचं होतं आणि तिचं नावही आपण मिऱ्यावरूनच पाडलं. आता ती परकी होती असं सांगितलं तर लोक हसतात.

मावशीला व्हिडिओ कॉल करून ब्रश दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली.

"हे काय करून राहिली वं?"

"क्रॉसिंग."

"अवं, त्याच झाडाचा पराग त्याच झाडाले, अन् म्हणे क्रॉसिंग! ब्रश ठेव. सकाळी फांदीले टिचकी मार अन् कामाले लाग."

ब्रश रंगपेटीत परत गेला. काच आता वीतभर उघडी असते, कबुतर आलं तर येवो. तीन रोपांवर मिळून चौदा मिरच्या धरल्या. त्यातल्या चार काल ठेच्यात गेल्या, तव्यावर, तांब्याच्या बुडाने रगडून. मिक्सरमधून निघतो त्याला मी ठेचा म्हणत नाही.